चौदा घरं खाली

शिक्रापूरच्या अलीकडे, नगर रोडपासून जरा आत आमची शेड होती. वर सिमेंटचे पत्रे, त्यांना धरणाऱ्या लोखंडी कैच्या, पुढं मोठं शटर आणि मागं पाण्याच्या नळाकडं उघडणारं एक लहान दार. तिथं मी सात वर्षं डिझाइनचं काम केलं. टाक्यांचे स्टँड, बॉयलरचे पाय, कन्व्हेयरचे सांगाडे. कुणीतरी वर काहीतरी ठेवणार आणि खालचं आम्ही बनवणार, असा सगळा प्रकार. वर काय आहे याच्याशी मला देणंघेणं नसायचं. त्याचं वजन किती आणि ते कुठं टेकणार, एवढंच मी विचारायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या मालकांनी एक वेगळंच काम आणलं. मुंबईच्या एका संस्थेतले शास्त्रज्ञ परदेशातल्या एका प्रयोगात होते. तिथं जमिनीखाली खूप खोल, बोगद्यात, अणूपेक्षाही बारीक कण एकमेकांवर आपटवायचे होते, आणि त्यातून काय उडतं ते टिपायला एक अवाढव्य यंत्र उभं राहणार होतं. त्याला ते डिटेक्टर म्हणायचे. त्या डिटेक्टरच्या काही पेट्या ज्यांच्यावर टेकणार ते आर्म आम्ही बनवायचे होते. आर्म म्हणजे खांबातून आडवा बाहेर आलेला स्टीलचा हात, माणसापेक्षा लांब. एक टोक खांबात घट्ट पकडलेलं, दुसरं अधांतरी.

मुंबईच्या त्या संस्थेतले एक पांढऱ्या दाढीचे शास्त्रज्ञ अधूनमधून शेडवर यायचे. मी त्यांना पहिल्याच दिवशी माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

"पेटीचं वजन सहाशे किलो," ते म्हणाले.

"आणि पेटीत जे येणार त्याचं?"

ते हसले. "त्याचं धरू नका. ते दिसतही नाही. कुठून गेलं एवढंच पेटीला कळतं. आम्ही ती खूण बघतो आणि कोण येऊन गेलं असेल ते ठरवतो. म्हणून पेटी जागची हलायला नको. पेटी हलली की खूण खोटी."

मला ते पटलं. मी दौंडची. वडील रेल्वेत होते, यार्डात. आमच्या घरात देव्हारा नव्हता, भिंतीवर बुद्धाचा एक फोटो होता, आणि वडिलांचा एक नियम होता. कुणी म्हणालं की अमक्या पुलाखाली काहीतरी दिसतं, तर ते म्हणायचे, "जा, मोजून ये. मोजता आलं तर आपण बोलू." मी त्यांचीच लेक. शेडमध्ये लिंबू-मिरची टांगलेली दिसली की मी काढून टाकायची आणि कामगारांच्या शिव्या पाठीवर घ्यायची. माझी जीभही जरा तिखटच होती. बायकांनी डिझाइनला असणं तेव्हा आमच्याकडं नवलाचं होतं, आणि मऊ बोललं तर कुणी ऐकायचं नाही. निदान मी स्वतःची समजूत तशी घातली होती.

पहिला आर्म तयार झाला तो आमच्या वेल्डरच्या हातचा. हा माणूस वरवंडचा. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, बायकोला घेऊन शिक्रापुरात एका चाळीवजा इमारतीत खोली करून राहायचा. त्याच्या वेल्डिंगची शिलाई बघत राहावं अशी असायची, एकसारखी. तपासायची खरी वजनं अजून यायची होती. पण आमच्या शेडमध्ये घाईच्या वेळी एक जुनी रीत होती, माणूस बसवून बघायचं. आमचे मिस्त्री पन्नाशीचे, मी त्यांना मामा म्हणायची. त्यांनी आर्मचं एक टोक तात्पुरतं एका जाड चौकटीत आवळलं आणि दुसऱ्या टोकाखाली डायल गेज लावलं. हे गेज मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतं, काटा एक घर सरकला म्हणजे तेवढाच भाग खाली गेला.

"चढ रं," मिस्त्री वेल्डरला म्हणाले. "तू केलाय, तूच बस."

तो टोकावर जाऊन बसला, पाय सोडून, ओढ्याच्या काठावर बसावं तसा. तिथून मला म्हणाला, "बघा मॅडम, झोप लागंल इतका मजबूत हाय."

मिस्त्रींनी काटा वाचला. "चौदा."

त्याचं वजन सत्तर किलो. आदल्याच महिन्यात कंपनीची तपासणी झाली होती, कार्ड माझ्या टेबलावर होतं. सत्तर किलोला चौदा घरं, म्हणजे पाच किलोला एक घर. माझ्या गणितातही तेवढंच येत होतं. मी खूश झाले आणि तो आकडा वहीत लिहून ठेवला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तो गेला. कसा गेला ते मी इथं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आमच्या भागात गुरुवारी वीज बंद असायची, म्हणून कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. मी दर गुरुवारी दौंडला घरी जायची. त्या गुरुवारी मी गेले नाही. शुक्रवारी शास्त्रज्ञ येणार होते आणि आर्म खांबावर चढलेला नव्हता. मी मिस्त्रींना आणि वेल्डरला बोलावून घेतलं. वीज नाही म्हणजे क्रेन नाही. तेव्हा वरच्या कैचीला चेन ब्लॉक बांधायचा आणि हातानं साखळी ओढून आर्म उचलायचा, असं ठरलं. तो बांधायला कुणीतरी वर चढायला हवं होतं.

"वर बांधायचा बेल्ट स्टोअरमधी हाय," वेल्डर म्हणाला. "किल्ली मालकांकडं."

मालक पुण्यात. मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मग काय, आज राहू दे म्हणता? दोन तासांच्या कामाला तुम्हाला दोन दिवस लागतात. सांगते मी उद्या साहेबांना, किल्ली नव्हती म्हणून."

अगदी हेच शब्द. मी त्यात एकही शब्द कमी करू शकत नाही, खूप वेळा करून बघितला आहे.

तो काहीतरी बोलला आणि चढला. कैचीवर पाय सरकला. खाली काँक्रीट होतं, आर्म जिथं उभा राहायचा त्याच्या बरोबर शेजारी. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, बाराचाळीस. हे मला नक्की ठाऊक आहे, कारण मी अजून घड्याळाकडंच बघत होते.

मिस्त्रींनी टेम्पो काढला, शिरूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेलेला होता. संध्याकाळी मालक आले. आम्हाला दोघांना बाजूला घेऊन म्हणाले की गुरुवारी कंपनी बंद असते, हजेरीपत्रक कोरं आहे, कुणी आत नव्हतंच. तो राहत्या इमारतीच्या गच्चीवरून पडला, असंच सांगायचं. तसं केलं नाही तर परदेशचं काम जाईल, शेड बंद पडेल, तीस घरं बसतील. मिस्त्री खाली बघत राहिले. दोन दिवसांनी हवालदार आले. त्यांनी मला विचारलं, "गुरुवारी तुम्ही कुठं होता?"

"दौंडला. घरी," मी म्हणाले.

कुणालाच खोटं वाटलं नाही. मी दर गुरुवारी दौंडलाच असायची.

काम तिकडच्या लोकांनी ड्रॉइंग बदलायला मागवल्यामुळं लांबलं. नंतर क्रेननं खांबावर चढवलेला आर्म तसाच उभा राहिला, प्लॅस्टिक पांघरून. अकरा महिने गेले. तोवर वेल्डरच्या बायकोनं शिक्रापुरातच खानावळ काढली होती. आमच्या शेडचे डबे तिचेच. रोज दुपारी बाराच्या पुढं ती डोक्यावर टोपलं घेऊन यायची, लिंबाच्या झाडाखाली डबे मांडायची, आदल्या दिवशीचे रिकामे डबे मागच्या नळावर विसळायची आणि जायची. बुटकी, सडसडीत बाई. माझ्याशी ती कधी जास्त बोलली नाही, आणि मी तिच्याकडं सरळ बघत नव्हते. डबा मात्र तिचाच खायची.

मग भाराची चाचणी सुरू झाली. आर्मच्या टोकाला पंचवीस किलोच्या चोवीस प्लेटा टांगल्या, सहाशे किलो. आता बघायचं होतं की एवढा भार घेऊन आर्म आठवडे न् आठवडे उभा राहिला तर हळूहळू वाकतो का. त्यासाठी शास्त्रज्ञांनी त्यांचं यंत्र दिलं. आर्मच्या टोकाला टेकलेली एक सळई, तिला जोडलेलं लाल शाईचं पेन, आणि खाली अगदी मंद सरकणारा आलेखाचा कागद, त्यावर वेळेच्या रेघा छापलेल्या. बॅटरीवर चालायचं, त्यामुळं गुरुवारीही थांबायचं नाही. कागदाचं एक घर आणि जुन्या डायल गेजचं एक घर मी सारखंच लावून घेतलं. स्टीलचं एक बरं असतं. आधी त्याच्यावर कितीही लादलेलं असू दे, वर आणखी पाच किलो टाकले की ते एकच घर खाली जाणार.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी कागद काढून बघितला. रेघ सरळ होती. सकाळी पत्रे तापायला लागले की ती किंचित चढायची, उन्हं कलली की उतरायची. तेवढं धरलेलं होतंच. पण दुपारी एका ठिकाणी ती एकदम खाली गेली होती. कातरल्यासारखी. पाव तास खालीच राहिली आणि तशीच एकदम वर आली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वेळ तीच, बाराचाळीस.

तेव्हा शेडमध्ये कुणी नसायचं. चाचणी चालू असताना आर्मजवळ फिरायला मीच बंदी केली होती. साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली की शटर खाली ओढलेलं, आणि सगळेजण लिंबाखाली. मी एकेकाला विचारलं. आवाज चढवूनच विचारलं. जो तो दुसऱ्याची साक्ष काढायचा, आणि साक्षी खऱ्या होत्या, कारण मीही त्यांच्यातच जेवत होते.

मिस्त्रींना मी कागद दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही. लांबूनच बघितला.

"बाराचाळीसच हाय ना, मॅडम?"

"हो. मग?"

"काय न्हाई," म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते शेडमध्ये एकटे थांबेनात. कामगारांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण दारावर लिंबू-मिरची परत आली. या वेळी मी ती काढली नाही. वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं.

खरं सांगायचं तर मला तिथं बसवत नव्हतं. भर दुपार, बाहेर ट्रकांची वर्दळ, आणि आत तापलेले पत्रे टकटक वाजायचे, कधी या कोपऱ्यात, कधी बरोबर आर्मच्या वर. मधेच पेनचा कागदावर घासल्याचा आवाज. मी दोनदा जेवण सोडून आत बसून राहिले. दोन्ही दिवस रेघ हलली नाही. मी बाहेर असले की हलायची. कुणीतरी मी जायची वाट बघत थांबतंय, असा विचार माझ्या डोक्यात आला आणि मला स्वतःचाच राग आला.

म्हणून मी वडिलांनी सांगितलेलं केलं. मोजलं. रेघ किती घरं खाली जाते? दहा. पाचाच्या हिशेबानं पन्नास किलो.

मी तो आकडा बघत किती वेळ बसले कोण जाणे. सत्तर नव्हते. तो नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की मी चक्क हसले, आणि त्या हसण्याची लाज मला आजही वाटते. पन्नास किलो म्हणजे कुणीतरी जिवंत, हाडामासाचं माणूस. आणि मग डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला नाही. आमच्या शेडवर रोज दुपारी येणारं, पन्नास किलोचं, मागच्या नळावर जाणारं आणि जेवणाच्या गडबडीत कुणाचंच लक्ष नसणारं एकच माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी मी जेवायला निघाल्यासारखं केलं आणि शेडमधल्या माझ्या केबिनच्या काचेमागं उभी राहिले. मागचं दार उघडलं. ती आत आली, चपला दाराशी काढल्या, प्लेटांवर पाय देऊन सराईतासारखी आर्मवर चढली आणि टोकावर बसली. पाय सोडून. तो बसला होता अगदी तशी. रडत नव्हती, काही पुटपुटत नव्हती. नुसती बसली होती, आणि पेन दहा घरं खाली गेलं होतं.

मी बाहेर आले. ती दचकली नाही, हळूच उतरली.

"ताई, कुणाला सांगू नका. डबे बंद हुतील."

"इथं कशाला बसता तुम्ही?"

"गच्चीवरनं पडले म्हणत्यात. त्या गच्चीवर म्या रोज कापडं वाळत घालते. तिथं काय बी वाटत न्हाई. हितं वाटतं." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "मिस्त्री हितं आलं की वर कैचीकडं बघत न्हाईत. तवाच म्या वळखलं. पन त्ये बोलत न्हाईत. तुम्ही व्हता का ताई, त्या दिशी हितं?"

शेडमध्ये आम्ही दोघीच. मालक नाही, हवालदार नाही. कुणी मला अडवत नव्हतं.

"मी दौंडला होते," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "गुरुवारी तुम्ही जाताच."

तिला येऊ नका असं मी म्हणाले नाही. कागदावर रोज त्या दहा घरांपुढं मी पेन्सिलनं "जेवणाच्या वेळी स्पर्श" असं लिहायची. दाढीवाल्या शास्त्रज्ञांनी ते बघून हसत विचारलं, "इतका नेमानं स्पर्श कोण करतं?" मी म्हणाले, बंदोबस्त करते. काही केला नाही. ती रोज आली, रोज बसली, आणि मी रोज लिंबाखाली तिनं केलेली भाजी खात तिच्या उतरण्याची वाट बघत बसायची. बंद शटरच्या मागं एक जिवंत बाई बसलेली आहे हे ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा यायचा. एखाद्या दिवशी आकडा दुसराच निघाला तर, असं काहीतरी मनात यायचं.

वर्षश्राद्ध गुरुवारी आलं, वरवंडला, त्याच्या घरी. ती दोन दिवस आधीच गेली होती. आमची शेड बंदच, म्हणून सगळे कामगार एका टेम्पोतून निघाले. मीही गेले. न जाणं जास्त दिसलं असतं. निघताना मागच्या दाराला आतून कडी घातली, शटरला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. मालकांकडची दुसरी किल्ली मी आदल्याच दिवशी एका कामासाठी मागून घेतली होती, तीही माझ्याकडंच होती. न्हावरा, चौफुला करत आम्ही अकराच्या सुमाराला पोचलो.

अंगणात मांडव होता. ती वाढत होती. मी पंगतीत बसले होते आणि घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं. बाराचाळीस. मान वर केली तर ती हातात वरणाची बादली घेऊन माझ्यासमोर उभी होती आणि तीही माझ्या मनगटाकडंच बघत होती. आज ती आर्मवर बसलेली नव्हती, हे त्या सगळ्या माणसांत आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. तिनं वरण वाढलं आणि पुढं गेली.

पाचच्या सुमाराला टेम्पोनं मला आणि मिस्त्रींना शेडवर सोडलं. कुलूप जसंच्या तसं होतं. शटर वर केलं, ऊन आत आलं. मी सवयीनं कागदाकडं गेले.

बाराचाळीसला रेघ खाली गेली होती. आणि ती वर आली नव्हती. पेन अजून खालीच होतं. तिथंच, त्याच घरावर, घासत पुढं चाललं होतं.

मी घरं मोजली. मग बोट ठेवून परत मोजली.

"चौदाच हाय ना, मॅडम?" मिस्त्री माझ्या मागून म्हणाले. ते शटरच्या आत आले नव्हते. तिथून त्यांना कागद दिसत नव्हता.

"पेन अडकलंय," मी ओरडले. पेनला बोटानं टिचकी मारली. ते थरथरलं आणि परत चौदावर येऊन थांबलं. प्लेटा मोजल्या, चोवीस. मागची कडी बघितली, घातलेली. खांबाचे बोल्ट पाना लावून बघितले, घट्ट. मग आर्मच्या टोकाखाली दोन्ही हात घालून जीव खाऊन वर रेटलं. पेन सहा घरं वर आलं. म्हणजे यंत्र ठीक होतं. हात सोडले आणि पेन चौदावर गेलं. आर्मच्या टोकावर प्लेटांची साखळी आणि संध्याकाळचं ऊन, याशिवाय काही नव्हतं. मी तिथून मागं सरले तेव्हा, का कोण जाणे, मधून न जाता कडेनं गेले. बसलेल्या माणसाच्या पायांना धक्का लागू नये म्हणून जातो तशी.

मिस्त्री शटरबाहेर जमिनीवर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले.

"मामा, मी तिला सांगणार आहे."

"सांगा," ते म्हणाले. "म्या रोज म्हनतो, आज सांगीन."

तेवढा कागद मी कापून घेतला, यंत्र चालूच ठेवलं, आणि सकाळी पहिल्या गाडीनं चौफुल्याला, तिथून वरवंडला गेले. ती अंगणात आदल्या दिवशीची मोठी पातेली घासत होती. मी समोर दगडावर बसले आणि एका दमात बोलून टाकलं. की मी त्या दिवशी शेडमध्ये होते. बेल्ट स्टोअरमध्ये होता, किल्ली नव्हती, आणि मी त्यांना थांबवायच्या ऐवजी टोचून बोलले. काय बोलले तेही सांगितलं, शब्दन् शब्द.

तिचा हात थांबला नाही. पातेलं घासून झालं, धुऊन झालं, पालथं घालून झालं.

"मग त्ये काय म्हनले?"

वर्षभरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "म्हणाले, 'चढतो की मॅडम. माझ्यापायी तुमचं काम नको अडायला.'"

"व्हय," ती म्हणाली. "असंच बोलायचे त्ये."

मी कागद पुढं केला. तिला आलेख वाचता येत नव्हता, पण एवढं वाचायला शाळा लागत नाही. मी तिला रोजची तिची दहा घरं दाखवली आणि मग कालची चौदा. तिनं ओल्या बोटानं दोन्ही खड्डे चाचपले.

"काल तर म्या हितं व्हते."

"हो."

"आन् ह्ये वर आलं न्हाई?"

"नाही. मी निघाले तोवर तरी नाही."

तिनं कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. मग म्हणाली, "त्यास्नी उठवू नका कुणी. दमून बसल्याती." आणि जरा थांबून, माझ्याकडं न बघता, "आता जावा तुम्ही, ताई. पुन्यांदा हितं येऊ नका."

मी तिथून शेडवर न जाता चौकीत गेले आणि जबाब लिहून दिला. मागाहून मिस्त्रींनीही दिला. मालकांनी मला जे सुनावलं ते सुनावलं, नोकरी गेली, केस पुढं कित्येक वर्षं रेंगाळली. शेड बंद पडली नाही. शेवटचं सामान आणायला गेले तेव्हा यंत्रातला कागद संपलेला होता आणि पेन कागद सरकवणाऱ्या उघड्या रुळावर कोरडंच टेकलं होतं. ती रेघ वर आली का आणि कधी, याची कुठंच नोंद नाही. चाचणीच्या अहवालात मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं की या जागी आमचा वेल्डर पडून वारला, बाराचाळीसला, आणि मी हजर होते. त्याखाली सही केली. त्या अहवालासकट तो आर्म पेटीत भरून परदेशी गेला.

मी दौंडला परतले आणि एका तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवायला लागले. मी कारणं शोधायची सोडली नाहीत. खांबाच्या बोल्टची बैठक जरा दबली असेल, सळईला पेन जोडणारी टाचणी सरकली असेल. प्रत्येक कारण मी मांडून बघितलं आहे. रेघ खाली का गेली ते एखाददुसरं सांगतंही. बरोबर चौदा घरं का, ते एकही सांगत नाही.

तीन-चार वर्षांनी त्या दाढीवाल्या शास्त्रज्ञांचं पत्र आलं. यंत्र उभं राहत होतं, आमचे आर्म उत्तम होते, म्हणून आभार मानायला त्यांनी लिहिलं होतं. शेवटी सहज एक ओळ होती. तुमचा पहिला आर्म बाकीच्यांपेक्षा चौदा घरं खाली आहे, पहिल्या दिवसापासून तसाच, वर नाही की खाली नाही. कारण सापडलं नाही, पण काळजी नको. आम्ही तेवढं वजन त्याच्यावर आहे असं धरूनच चालतो.

वरवंडला मी पुन्हा गेले नाही. पत्राची झेरॉक्स काढून मिस्त्रींच्या हाती पाठवली, आणि ती ओळ तिला नीट वाचून दाखवा म्हणून सांगितलं.